मंगळवारचा देह, गुरुवारची मात्रा

फार फार जुनी गोष्ट. एका नदीकाठी एक राज्य होतं, आणि त्या राज्यात राजाने बांधलेली एक भलीमोठी आरोग्यशाळा होती. लहानांनो, ऐका. मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच कान देऊन ऐका, कारण या गोष्टीतली चूक लहान मुलं कधी करत नाहीत. त्यासाठी शिकलेलं डोकं लागतं.

त्या राज्यातल्या एका खेड्यात एक कोष्टीण राहत होती. हात असा, की तिने विणलेल्या लुगड्याचा काठ दोन्ही बाजूंनी सारखाच दिसे. नवरा साधा, अबोल. घरात मागाची खटखट होती, चुलीवर भाकरी होती, गोठ्यात गाय होती. नव्हतं ते मूल. लग्नाला नऊ वर्षं झाली होती.

सासू वाईट नव्हती, पण तिच्या तोंडाची सवय सुटत नव्हती. "पलीकडच्या गावात एक मुलगी आहे म्हणे, घरकामाला चांगली," असं ती भिंतीकडे बघून म्हणायची. नवरा म्हणायचा, "आई, राहू दे ना." पण दर वेळी तो ते जरा हळू म्हणायला लागला होता. कोष्टिणीच्या ते कानावर पडत होतं.

आरोग्यशाळेत एक औषध मिळायचं. त्याला म्हणायचे ओटीची मात्रा. डोंगरातली एक मुळी उगाळून ती बनायची आणि तांब्याच्या पेटीत कुलपात राहायची. तिचा गुण मोठा, पण तिची वेळही नेमकी. बाईच्या देहाला महिन्याचा एक फेरा असतो. त्या फेऱ्याच्या चौथ्या दिवसापासून दहा दिवस काडेचिराइताचा काढा प्यायचा आणि बरोबर चौदाव्या दिवशी मात्रा घ्यायची. आणि आयुष्यात बाराच मात्रा. तेरावी घेतली तर पोटात आग पडते, असं पोथीत लिहिलं होतं, आणि ते खरं होतं.

कोष्टीण नवऱ्याला घेऊन बैलगाडीने शाळेत पोचली. दाराशी एक शिकाऊ वैद्य बसला होता. त्याने विचारलं, "लग्नाला किती वर्षं?"

"नऊ."

"मुलं किती?"

"असती तर इथं कशाला आले असते, बाबा?"

त्याने मान न उचलता लिहून घेतलं. नवऱ्याची नाडी दारातच उभ्या उभ्या पाहिली. शिंक यायला लागतो तेवढाच वेळ लागला. "हे ठीक आहेत," म्हणून त्याला बाहेरच्या पारावर बसायला सांगितलं. बाकी सगळी तपासणी कोष्टिणीची. जीभ दाखवा, पोट दाखवा, डोळे मिटा, चाला, थांबा, पुन्हा चाला.

काढा मिळाला. काय कडू होता म्हणून सांगू! दहा दिवस तिला गुळाचा खडासुद्धा कडू लागला. मळमळायचं, डोकं जड व्हायचं, तरी माग थांबला नाही. चौदाव्या दिवशी पहाटे उठून ती निघाली आणि ऊन चढायच्या आत शाळेत पोचली.

"मात्रा द्या," ती म्हणाली. "आज चौदावा दिवस."

दाराशी नवा शिकाऊ होता. "लग्नाला किती वर्षं?"

तिने कपाळाला हात लावला. सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, आज मंगळवार. पेटी गुरुवारी उघडते."

"पण माझा चौदावा दिवस आज आहे!"

"असेल हो. पण पेटी गुरुवारी उघडते. दोन दिवसांनी या. दोन दिवस इकडे तिकडे, काय बिघडतं? आणि पुढच्या फेऱ्याला जुळेल की. धीर धरा."

ती गुरुवारी पुन्हा आली. सोळाव्या दिवशी चौदाव्या दिवसाची मात्रा घेतली आणि घरी गेली. काही झालं नाही. होणार कसं?

दुसऱ्या फेऱ्याला पुन्हा काढा, पुन्हा मळमळ, पुन्हा पहाटेची बैलगाडी. पुन्हा मंगळवार. पुन्हा नवा शिकाऊ, पुन्हा "लग्नाला किती वर्षं?" आणि पुन्हा "गुरुवारी या, पुढच्या वेळी जुळेल, धीर धरा." तिसऱ्याला तेच. चौथ्याला तेच. पाचव्या खेपेला तिने शिकाऊ तोंड उघडायच्या आत म्हटलं, "नऊ वर्षं, मूल नाही, जीभ ही अशी, पोट हे असं, आज चौदावा दिवस, आणि आज मंगळवार आहे हे मला माहीत आहे." तो बिचारा घाबरला. पण पेटी काही उघडली नाही.

आणि हे "धीर धरा" तरी किती जणांनी म्हणावं! शिकाऊ म्हणे, पहारेकरी म्हणे, पाणी देणारी म्हणे. गाडीवानसुद्धा परतीच्या वाटेवर म्हणाला, "वहिनी, धीर धरा." त्याला स्वतःला सहा पोरं होती. कोष्टिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाटलं, याच्या बैलाचा चाबूक घ्यावा आणि यालाच दाखवावा. पण ती गप्प बसली, कारण घरी जायला दुसरी गाडी नव्हती.

तुम्ही म्हणाल, एवढी हुशार बाई, तिला कळलं कसं नाही? अहो, भलीभली माणसं ठासून सांगतात ना, तेव्हा आपण आपल्या बोटांवरचा हिशेब सोडून देतो. त्यांच्या डोक्यावर पागोटं होतं, हातात पोथी होती. ते म्हणाले जुळेल, तिला वाटलं जुळेल. आशा लागलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार!

एक एक करत बारा मात्रा संपल्या. बारावीनंतरही फेरा आला तो आलाच. त्या दिवशी तिने माग बंद ठेवला.

आता कोष्टी लोकांची एक रीत सांगतो. काम किती दिवसांचं झालं हे कळावं म्हणून ते मागाच्या खुंटीला एक दोरा टांगतात आणि रोज एक गाठ मारतात. कोष्टिणीने आपल्या देहाच्या दिवसांचा असा दोरा ठेवला होता. साध्या दिवशी पांढरी गाठ, चौदाव्या दिवशी लाल सुताची गाठ, मात्रा घेतली त्या दिवशी पिवळ्या सुताची. तो दोरा चुलीत घालावा म्हणून तिने ओढून काढला. आणि हाताची सवय म्हणा, तो जाळण्याआधी तिने जमिनीवर पसरला. अठ्ठावीस गाठी झाल्या की दोरा परत डाव्या हाताला आणून नवी ओळ, अठ्ठावीस झाल्या की नवी ओळ. तिचा फेरा दर वेळी बरोबर अठ्ठावीस दिवसांचाच असायचा.

बारा ओळी खाली खाली लागल्या. लाल गाठी एकीखाली एक, सरळ रेषेत. पिवळ्या गाठी एकीखाली एक, सरळ रेषेत. दोन्हींच्या मधे कायम एक पांढरी. लुगड्याच्या काठाच्या दोन रेघाच जशा काही! बारा हातांचं काय, बाराशे हातांचं लुगडं विणलं तरी काठाच्या रेघा एकमेकींना भेटत नाहीत, हे कोष्टिणीपेक्षा जास्त कुणाला माहीत?

अठ्ठावीस दिवस म्हणजे चार आठवडे. तिचा चौदावा दिवस दर वेळी मंगळवारीच येणार होता. जन्मभर. तो गुरुवारी कधी येणारच नव्हता.

ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, गाडीवानाला गाडी जुंपायला सांगा."

"आता कशाला? बारा झाल्या ना?"

"सांगा म्हणते ना!"

तिचा आवाज ऐकून सासूसुद्धा पदराने हात पुसत उठून उभी राहिली. गाडी निघाली.

या खेपेला ती दाराशी थांबलीच नाही. शिकाऊ "लग्नाला..." एवढं म्हणतोय तोवर ती आतल्या चौकात पोचली. तिथे राजवैद्य सकाळचं दूध पीत बसले होते. म्हातारे, सज्जन, शास्त्रात मुरलेले. कोष्टिणीने त्यांच्यापुढे दोरा ओळी ओळींनी पसरला.

"वैद्यराज, ही लाल गाठ माझा दिवस. ही पिवळी तुमचा दिवस. दोन्ही कुठे जुळतात ते मला दाखवा."

राजवैद्य वाकले. बोट एकेका ओळीवरून फिरवत शेवटपर्यंत गेले. मग पुन्हा वरपासून खालपर्यंत आले. दूध तसंच राहिलं.

मागून धावत आलेला शिकाऊ म्हणाला, "महाराज, या बाईंच्या नावापुढे पोथीत स्पष्ट लिहिलंय. बारा मात्रा दिल्या, औषध लागू पडलं नाही. देह हट्टी."

"हट्टी?" कोष्टीण त्याच्याकडे वळली. "अरे, माझा देह एक दिवस चुकला नाही! चंद्र ढगाआड गेला, पण हा चुकला नाही. तो नेमका होता, म्हणूनच तुमच्या तावडीत सापडला. जिचा फेरा वेडावाकडा, तिचा दिवस कधी तरी गुरुवारी लागला असेल आणि तिला गुण आला असेल. आणि मला म्हणता हट्टी! हट्टी तुमची पेटी!"

चौकातल्या सगळ्या बाया उठून जवळ आल्या.

राजवैद्य सावकाश म्हणाले, "बाई, गुरुवारचा नियम माझा नाही. आमच्या गुरूंच्या गुरूंचा आहे."

"का केला होता त्यांनी?"

 राजवैद्यांना माहीत नव्हतं. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. शिकाऊंनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण म्हणाला, गुरू ग्रहाचं बळ असेल. दुसरा म्हणाला, नाही, मुळीचा उग्रपणा गुरुवारी उतरत असेल. तिसरा नुसताच विचारात पडल्यासारखा उभा राहिला.

तेवढ्यात कोपऱ्यात खल कुटत बसलेली म्हातारी खो खो हसायला लागली. ती या शाळेत पोर असताना आली होती आणि इथेच म्हातारी झाली होती.

"कसलं बळ नि कसलं काय!" ती म्हणाली. "थोरले वैद्य नदीपलीकडे राहायचे. नाव फक्त बाजाराच्या दिवशी यायची, गुरुवारी. ते आले की पेटी उघडायची. किल्ली त्यांच्या कमरेला! नाव बुडाली त्याला किती वर्षं झाली, पूल बांधला त्याला चाळीस. तुम्ही तर शाळेच्या मागच्या घरात राहता, मालक. तीस पावलं आहेत."

मला विचाराल तर त्या क्षणी त्या चौकात कुणाला हसू यायला हवं होतं. आलं नाही. चाळीस वर्षं बाया ऊनपावसात येत होत्या, कडू काढे पीत होत्या, चुकलेल्या दिवशी मात्रा घेऊन जात होत्या, तेही पाण्यात नसलेल्या नावेसाठी.

राजवैद्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई, अपराध झाला. काय हवं ते माग."

"तेरावी मात्रा द्या. माझ्या चौदाव्या दिवशी, मंगळवारी."

त्यांनी मान हलवली. "ती नाही देता येणार. तो नियम नावेचा नाही, मुळीचा आहे. तेरावीने एक बाई दगावलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे."

कोष्टीण जमिनीवर बसली. ती रडली, अगदी मोठ्याने रडली, आणि या वेळी तिला कुणी "धीर धरा" म्हणालं नाही. म्हणायची छातीच झाली नाही कुणाची.

मग तिने डोळे पुसले. "योग्य दिवशी मात्रा मिळाली असती तर मूल झालंच असतं, असं मी म्हणत नाही. ते कुणालाच ठाऊक नाही. पण पोथीत लिहिलंय, औषध लागू पडलं नाही. ते खोडा. लिहा, औषध वेळेवर दिलंच नाही. आणि हे घरी येऊन माझ्या सासूला तुमच्या तोंडाने सांगा."

राजवैद्यांनी स्वतः बोरू घेतला आणि तिच्यादेखत ती ओळ खोडून नवी लिहिली. त्याच दिवशी पेटीचं कुलूप काढून नदीत टाकलं. चौकात उभ्या असलेल्या दोन बायांचा तो चौदावा दिवस होता. त्यांना लगेच मात्रा मिळाली. दोघींपैकी एकीच्या घरी पुढे पाळणा हलला.

आणि राजवैद्य कोष्टिणीबरोबर गाडीत बसून तिच्या घरी गेले. ओसरीवर उभं राहून हात जोडून म्हणाले, "तुमच्या सुनेत काही खोट नाही. चूक आमची."  सासूने आत जाऊन सुनेसाठी पाणी आणलं, वैद्यांच्या आधी. पलीकडच्या गावातल्या मुलीचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

राजवैद्य शाळेत परतले आणि त्यांनी जुन्या पोथ्या काढल्या. 'औषध लागू पडलं नाही' असा शेरा असलेली एकशे चाळीस नावं निघाली. त्या वयात, हातात काठी घेऊन, ते एकेका दारी गेले आणि तेच सांगू लागले. कुठे त्यांना बसायला पाट मिळाला, कुठे शिव्या मिळाल्या. त्यांनी दोन्ही मुकाट्याने घेतलं.

एका दारात एक म्हातारी धान्य निवडत होती. राजवैद्यांनी सुनेचं नाव घेतलं आणि म्हणाले, "तिचा दोष नव्हता, हे सांगायला आलोय. तिला बोलवा."

म्हातारीने सूप खाली ठेवलं. "तिला वांझ म्हणून माहेरी धाडून अकरा वर्षं झाली," ती म्हणाली. "वाटेतच तिने विहीर जवळ केली."

तात्पर्य: नियम पाळण्याआधी तो का केला होता ते विचारावं; मूळ कारण संपल्यावरही चालणाऱ्या नियमाची किंमत नियम करणारा नाही, दाराशी उभा असलेला माणूस मोजतो.