बिरजोने ओतून टाकलेली वाटी

फार वर्षं झाली, नक्की किती ते मला सांगता येणार नाही, पण वैनगंगेपलीकडच्या झाडीत बिरजो नावाची एक बाई राहत होती. दारूनं पिवळी पडलेली माणसं ती बरी करायची, असं म्हणतात. दारू यकृताचा कण न् कण कसा जाळते, ते मी पुस्तकांत वाचलं. बिरजोला ते माणसाच्या डोळ्यांत दिसायचं.

ओढ्याकाठची भुईआवळी उपटून ती वाटायची आणि बकरीच्या दुधातून द्यायची. पण आधी रोग्याचं तोंड हुंगायची. दारूचा वास आला की वाटी जमिनीवर ओतून द्यायची. सकाळी औषध घेऊन संध्याकाळी निर्धास्त पिणारी माणसं तिनं पुरलेली पाहिली होती.

तिचा थोरला भाऊ दसरू. आईबापांमागे त्यानंच तिला वाढवलं. गावाची मोहफुलांची दारू तोच गाळायचा आणि चाखायचा. चाखता चाखता त्याचं पोट घागरीएवढं झालं, डोळे हळदीसारखे झाले. बिरजोनं त्याची भट्टी मोडली आणि रोज पहाटे वाटी नेऊ लागली. चाळीस दिवस तो दारूच्या थेंबाला शिवला नाही. पोट उतरलं. देवसुद्धा नैवेद्य हुंगून बघत नाही, माझी बहीण माणूस हुंगते, असं तो थट्टेनं सांगत फिरायचा.

एक्केचाळिसाव्या पहाटे त्याच्या तोंडाला मोहाचा वास आला.

"प्यालो नाही गं बाई," दसरू म्हणाला. "पहिली फुलं गळालीत. दोन चघळली."

"सगळे असंच काहीतरी सांगतात, दादा," असं म्हणून तिनं वाटी ओतली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वाटी घेऊन गेली, पण त्यानं ती घेतली नाही. तुला खरं वाटेल तेव्हा घेईन, एवढंच म्हणाला. तीही हट्टी. तिसऱ्या पहाटे ओढ्याकडे जाताना तिला मोहाखाली फुलांचा सडा दिसला. तिनं दोन उचलून चघळली आणि स्वतःच्या ओंजळीत श्वास सोडला. तोच वास होता. ती धावत आली, तोवर औषधावाचून दसरूचा जीव गेला होता.

त्यानंतर दर चैत्रात ती पहाटे रानभर फिरायची आणि एकेका मोहाखाली उभी राहून श्वास घ्यायची. भावाचा शेवटचा वास तोच होता ना. झाडं तिच्यासाठी फांद्या खाली करायची, असं म्हणतात. एका चैत्रात ती सात डोंगर ओलांडून गेली, ती परत आली नाही. तिनं दसरूची वाटी ओतली त्या जागी भर वैशाखातही भुईआवळी हिरवी असते, असंही म्हणतात. माझा यावर विश्वास नाही. पण मी गेलो होतो तेव्हा ती हिरवीच होती.

त्या गावात आजही औषध देणारी बाई आधी पदरानं स्वतःचं नाक झाकते. मग विचारते, "दादा, आज प्यालास?" तो नाही म्हणाला, की बिरजोचं नाव घेऊन वाटी त्याच्या हातात देते. दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही.