नावेत वारा बरा लागतो

दीड वर्ष खपून देवकुंडच्या मानाजीराजांनी नदीवर दगडी पूल बांधला, आणि त्यावरून कुत्रंही जाईना!

बांधल्या वर्षीच मधल्या कमानीला भेग गेली होती. गवंड्यांनी ती शिसं ओतून बुजवली. पण लोकांची भीती काही बुजली नाही. ते घाटावर नावेसाठी तासन्‌तास ताटकळत, पुलाकडे पाठ करून.

राजांनी कोंडिबा हलगीवाल्याला दवंडी पिटायला लावलं. "ऐका हो ऐका! पूल भक्कम आहे होऽऽ!" दिवसातून तीन वेळा, महिनाभर. कोंडिबाचा घसा बसला. पूल ओसच.

राजांनी त्याला दरबारात उभं केलं.

"आठ दिवसांनी बाजार. सगळा बाजार पुलावरून गेला पाहिजे! शिपाई मिळणार नाही. कुणाला पैसा चारायचा नाही. खोटं तर बोलायचंच नाही. जमलं नाही, तर हलगी ठेव आणि गाव सोड!"

कोंडिबाच्या घरात चार पिढ्या हलगी होती. मागून त्याची लेक गोजरा पुढे आली.

"जमेल, महाराज. पण तोवर दवंडी बंद."

"बंद? मग लोकांना कळणार कसं?"

"आपलं सांगून झालं. आता त्यांचं ऐकते."

घरी कोंडिबा कपाळ धरून बसला. गोजरानं धुण्याची पाटी उचलली आणि घाट गाठला.

"काय गं, हलगी का गप?" बायजा परटिणीनं विचारलं.

"तुम्ही ऐकत नाही म्हणून."

"ऐकतो की! माझी भिंत भक्कम आहे असं मी कधी ओरडत फिरते का? तीन-तीनदा ओरडताय, म्हणजे काहीतरी काळंबेरं असणारच!" बायजानं धोतर दगडावर आपटलं. "आणि तुझे महाराज कुठून जातात ते बघ आधी."

गोजरा चार दिवस घाटावर गेली. सगळ्यांचं म्हणणं तेच. मग ती थेट राजांपुढे उभी राहिली.

"महाराज पलीकडे भैरोबाला कसे जातात?"

राजे खाकरले. "नावेनं."

"पूल असताना?"

"नावेत वारा बरा लागतो!"

"बरं," म्हणून गोजरानं पदराला गाठ मारली.

बाजाराचा दिवस उजाडला. घाटावर ही गर्दी! भैरोबाला निघालेल्या राजांनी नावेत एक पाय टाकला, तोच हलगी कडाडली. हलगी गोजराच्या हातात होती आणि आवाज खणखणीत.

"ऐका हो ऐका! पुलाच्या मधल्या कमानीला भेग गेली होती होऽऽ!"

असली दवंडी कुणी जन्मात ऐकली नव्हती. दिवाणजींनी डोक्याला हात लावला.

"ती शिसं ओतून बुजवली! ज्याला बघायचंय त्यानं बघावी, बोट लावून बघावी! महाराज मात्र पुलावरून जात नाहीत होऽऽ! नावेत वारा बरा लागतो, असं महाराज म्हणतात होऽऽ!"

कुणीतरी फिसकन हसलं. मग बायजा हसली आणि अख्खा घाट हसायला लागला.

राजे लालबुंद झाले. "कार्टे! माझी अब्रू काढतेस?"

"यात खोटं काय, महाराज?"

खोटं काहीच नव्हतं. राजांनी नावेतला पाय काढला. "मी भितो होय? बघा!" आणि ते तरातरा पुलावर चढले. मधल्या कमानीवर उभे राहिले. थयथय नाचून पाय आपटले! पूल हूं की चूं करेना.

"अरे, खरंच भक्कम की!" बायजा ओरडली आणि गाढवासकट पुलावर शिरली. तिच्यामागून बुरूड, तेली, भाजीवाल्या. बघता बघता सगळा बाजार पुलावर! नावाडी तेवढा एकटा उरला.

राजांनी मागं वळून पाहिलं. मग हलगी घेतलेल्या गोजराकडे पाहिलं.

"पोरी, मी तुला लोकांना पुलावर आणायला सांगितलं होतं. तू मलाच आणलंस!"

"पहिला माणूस आणणं तेवढं अवघड होतं, महाराज. बाकीचे आपण होऊन आले."

राजे असे हसले, की फेटा नदीत पडता पडता राहिला.

"कोंडिबा, हलगी तुझ्याच घरात राहील! आणि गोजरा, उद्यापासून दरबारात तुझा पाट मांडायचा. दवंडी निघण्याआधी लोक काय बोलतात ते तू मला सांगायचंस."

"आणि ते महाराजांना रुचलं नाही तर?"

"तर मी नावेत जाऊन बसेन!" राजे म्हणाले. "तिथं वारा बरा लागतो."