दोन चौकटींच्या मधली जागा

"...मग चूक कोणाची, भंते? माझी तर नाही ना?"

भंते सुमेध विहाराच्या ओट्यावर बसले होते.

समोर शीलवंत रामटेके उभा होता. आज तो प्रणाम करायलाही विसरला होता. काखेत एक मोठा गुंडाळलेला कागद होता.

शीलवंतनं पुण्याच्या एका कंपनीत उमेदीची वर्षं काढली होती. काम कुठून सुरू होतं, कोणाच्या हातून कोणाच्या हातात जातं, कुठं अडतं, याचे नकाशे काढण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. मग सगळं सोडून तो भंतेंकडे धम्म शिकायला आला. भंतेंनी त्याला विहाराच्या दवाखान्याची व्यवस्था बघायला पाठवलं.

"तिथं शीक," एवढंच म्हणाले होते.

दवाखाना जंगलाला लागून होता. रात्रंदिवस आरडाओरड. हाक आली की जवळ असेल तो धावायचा. सिस्टर रक्त आणायला पळायची, वॉचमन स्ट्रेचर ढकलायचा, स्वयंपाकी सलाइनची बाटली धरून उभा राहायचा. शीलवंतला ते बघवेना. त्यानं एकेका विभागप्रमुखाला आपल्या खोलीत बोलावलं आणि विचारलं, तुमचं काम काय? त्यांनी सांगितलं ते कागदावर उतरवलं. प्रत्येक कामाला एक चौकट. एका चौकटीतून दुसरीत जाणारा बाण. ज्यानं त्यानं आपल्या चौकटीत राहायचं. भिंतींवर पाट्या लागल्या : ओरडू नका. धावू नका.

रांगा खरोखरच कमी झाल्या. दवाखान्याच्या समितीनं त्याला शाल पांघरली.

आणि काल वच्छला डोंगरे गेली. पहिलटकरीण होती. मूल वाचलं, पण तिचं रक्त थांबेना.

"मी सगळ्यांना विचारलं, भंते," शीलवंत म्हणाला. "डॉक्टर तयार होते. थिएटर तयार होतं. रक्तपेढीनं पिशवी वेळेत काढून खिडकीत ठेवली होती. प्रत्येक चौकट बरोबर आहे."

"वच्छला कुठं होती?"

"थिएटरच्या बाहेर. स्ट्रेचरवर."

"दाखव."

शीलवंतनं ओट्यावर कागद पसरला. बोट रक्तपेढीवर ठेवलं. मग थिएटरवर. मग पुन्हा मागे आणलं... आणि दोन्हींच्या मध्ये येऊन ते थांबलं.

"इथं."

"इथं कोण असतं?"

"इथं... कोणी नसतं, भंते. हा बाण आहे."

भंते उठले. चीवर सावरलं.

"चल."

दुपारची वेळ होती. दवाखान्याच्या बोळात, थिएटरच्या दाराबाहेर, एक रिकामं स्ट्रेचर उभं होतं.

"झोप," भंते म्हणाले.

"मी?"

"उठायचं नाही. बोलायचं नाही. कोणी येऊन तुला पुढं नेलं, की आपलं काम झालं."

त्यांनी त्याच्या नाकापर्यंत चादर ओढली आणि निघून गेले.

शीलवंतला आधी हसू आलं. कोणीतरी आत्ता ओळखेल, म्हणेल, साहेब, हे काय?

छताचा एक पोपडा सुटला होता. तो कधी त्याच्या नजरेला पडला नव्हता. या बोळातून तो रोज जायचा, पण उभ्यानं.

एक सिस्टर आली. तिच्या हातात औषधांचा ट्रे होता. ती आपल्या कामाला गेली. एक्स-रेचा माणूस आला, फिल्म घेऊन डॉक्टरांकडे गेला. सगळे वेळेवर होते. कोणी रेंगाळत नव्हतं, कोणी गप्पा मारत नव्हतं. त्यानंच बसवलेली घडी होती ती.

सफाईवाला आला. स्ट्रेचर वाटेत येत होतं. त्यानं ते हळूच भिंतीला लावलं, फरशी पुसली आणि गेला.

मग दोन सिस्टर येऊन थांबल्या.

"हा कोणाचा पेशंट गं?"

"वॉर्डाचा असेल."

"वॉर्डवाले म्हणतील थिएटरचा."

"असू दे. आपल्याकडे नाही ना..."

पावलं लांब गेली.

चादरीखाली घाम सुटला. हाक मारावीशी वाटली आणि नजर समोरच्या भिंतीवर गेली. पाटी त्यानंच ठरवलेल्या मापाची, त्यानंच निवडलेल्या रंगाची होती. ओरडू नका.

तेव्हा त्याला आठवलं. काल हे त्यानं ऐकलं होतं आणि कोणालाही सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा. काल तो आपल्या खोलीत बसला होता आणि बोळातून एका बाईचा आवाज आला होता.

"अरे, कोणी तरी या नं! माही पोरगी थंडी पडून राहिली!"

वच्छलाची आई होती ती.

तो दारापर्यंत गेला होता. तिला त्यानं बोटानं पाटी दाखवली होती. बाईला वाचता येत नव्हतं, पण बोट कळलं. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि लेकीच्या उशाशी गप्प उभी राहिली.

मग त्यानं आत जाऊन दार लावून घेतलं होतं.

ऊन बोळातून सरकत बाहेर गेलं. शीलवंत पडून राहिला. डोळ्यांतलं पाणी कानांत उतरत होतं. कोणी आलं नाही.

दिवेलागणीला भंते आले. त्यांनी चादर काढली. शीलवंतला उठवेना. भंतेंनी हात दिला नाही. ते बाजूला उभे राहिले, तो आपला आपण उठेपर्यंत.

"नकाशा जाळतो, भंते."

"त्यानं काय होईल?"

"खोटा आहे तो."

"कागद खोटा नाही. तू काढलास तसाच दवाखाना चालला."

शीलवंत भिंतीला टेकला.

"पुन्हा काढतो," तो म्हणाला. "खोलीत बसून नाही. इथं उभा राहीन. जे होतं ते आधी बघेन, मग काढेन. प्रत्येक बाणावर माणसाचं नाव लिहीन. पिशवी कोणी न्यायची, स्ट्रेचर कोणी ढकलायचं... आणि पाट्या आजच उतरवतो."

"उतरव."

"सुरुवात कुठून करू? फाटकापासून?"

भंतेंनी चादरीची घडी घातली. बोळाच्या टोकाला कोणाचं तरी मूल रडत होतं... मग तेही थांबलं.

"वच्छलाच्या आईच्या दारापासून."

शीलवंतचा चेहरा उतरला.

"ती मला घरात घेणार नाही, भंते."

"मग बाहेर थांब."