निर्वंश लिहिलेली ओळ

एकदा एक प्रौढ स्त्री तीर्थक्षेत्रातल्या वृद्ध उपाध्यायांकडे आली. यात्रेकरूंच्या कित्येक पिढ्यांची नावे त्यांच्या वह्यांत होती. स्त्रीचे आईबाप लहानपणीच गेले होते. चुलत्याने तिला एका घरी धुण्याभांड्याला ठेवले आणि धाकट्या भावाला, भिवाला, कुठे दिले ते कधी सांगितलेच नाही. भावाच्या गावाचे नाव तरी कळेल, एवढ्याच आशेने ती आली होती.

उपाध्यायांच्या शिष्याने वही उघडली. तिच्या वडिलांच्या, कृष्णाजीच्या, नावापुढे एकच शब्द होता: 'निर्वंश'. खाली चुलत्याची सही. शिष्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरात वाटेकरी नको म्हणून सख्ख्या चुलत्याने दोन जिवंत लेकरे नाहीशी करावीत, तेही तीर्थात स्नान करून!

उपाध्यायांनी निरोप धाडला. चार दिवसांनी चुलता आला. मोठा व्यापारी, असली माणसे गावात मानाच्या पंगतीला बसतात. पुतणीला पाहून त्याचा चेहरा उतरला.

"गुरुजी, चुकलं माझं. तेवढा शब्द खोडून टाका. जुनं आता कशाला उकरायचं?"

शिष्याने लगेच लेखणी उचलली. वृद्धांनी त्याचा हात धरला.

"खोडायचं नाही."

"गुरुजी, इतकं धडधडीत खोटं राहू द्यायचं?" शिष्य उसळला.

"राहू दे. खोडलेलं पाहून उद्या कुणी म्हणेल, लिहिणाऱ्याचा हात चुकला. हात चुकला नव्हता, नियत फिरली होती. या मुलांना पोरकं मरणानं केलं, पण बेवारस यांनी केलं. ते यांच्या सहीसकट राहील आणि खरं काय ते हे स्वतः त्याखाली लिहितील. यांची नातवंडं इथे येतील, तेव्हा दोन्ही ओळी वाचतील. लिहा, शेठ."

व्यापारी घाम पुसत लिहू लागला. शिष्य मोठ्याने वाचत होता, "कृष्णाजीस अपत्ये दोन. मुलगा भिवा, यास पिंपळखोऱ्यात पाटलांकडे गुरे राखावयास दिले. मुलगी..."

लेखणी थांबली. व्यापाऱ्याने वर पाहिले, पुन्हा मान खाली घातली. त्याला पुतणीचे नाव आठवत नव्हते.

आपण एका रेघेत काय पुसायला निघालो होतो, हे शिष्याला तेव्हा कळले.

"चांगुणा," ती म्हणाली. "लिहा, काका."

त्याने लिहिले. शाई वाळायच्या आत ती पिंपळखोऱ्याची वाट विचारत निघालीसुद्धा.