शब्द सापडला, ओळ सुटली

डोंगरउतारावरच्या एका गावात कुंदा नावाची मुलगी राहत होती. धीर म्हणून तिला कशाचाच नव्हता. गरम भाकरीचा घास तोंडात कोंबायची, जीभ पोळून घ्यायची आणि तशीच शाळेला पळायची.

इंग्रजीच्या तासाला बाई उतारा द्यायच्या. खाली प्रश्न असायचे. बाकीची मुलं उतारा वाचायला लागत, कुंदा थेट प्रश्नांवर उडी घेई. प्रश्नातला एखादा शब्द धरायचा, तो उताऱ्यात हुडकायचा आणि सापडेल ती ओळ जशीच्या तशी उतरवून काढायची. सगळ्यांच्या आधी तिचाच हात वर!

"अगं, उतारा वाचलास तरी का?" बाई विचारत.

"उत्तरं बरोबर आहेत ना, बाई?"

ती बरोबर असायची. बाई तरी काय बोलणार? गावात मात्र बोलबाला झाला, कुंदाला इंग्रजी फाडफाड येतं.

एकदा शेजारच्या हौसाकाकू जंताच्या औषधाची बाटली घेऊन आल्या. "कुंदा, यावर सगळं इंग्रजीच आहे बघ. आमच्या ढवळीला किती पाजू? गाभण शेळी ती, जिवाला धाकधूक लागलीय."

बाहेर मैत्रिणी लंगडी खेळायला हाका मारत होत्या. कुंदाची नजर लेबलावर भिरभिरली. 'गोट' म्हणजे शेळी, हा शब्द सापडला, पुढे माप होतं.

"दोन चमचे द्या, काकू!" म्हणत ती पळाली.

पण डाव रंगेना. मापाखाली लाल अक्षरांत एक ओळ होती. काय होतं तिच्यात? कुंदाचं चित्त थाऱ्यावर राहीना. लंगडी घालता घालता पाय टेकला, ती बाद झाली, आणि मैदानातून सरळ काकूंच्या गोठ्याकडे धावली.

बाटली कोनाड्यात होती. एकेक अक्षर लावत तिनं ती ओळ वाचली. गाभण जनावरांना हे औषध देऊ नये.

"काकू, औषध दिलंत?"

"मघाशीच पाजलं की."

कुंदानं ती लाल ओळ पुन्हा एकदा वाचली. ती गप्प राहिली असती, तर कुणाला कळलंही नसतं. पण ती रडत म्हणाली, "काकू, मी सगळं वाचलंच नव्हतं. लवकर डॉक्टरांना बोलवा!"

गुरांचे डॉक्टर आले. संध्याकाळपर्यंत धावपळ चालली. ढवळी वाचली, पण पोटातलं करडू गेलं.

काकूंनी तिला शिव्या दिल्या नाहीत की हात उगारला नाही. ढवळीच्या पाठीवरून हात फिरवत त्या एवढंच म्हणाल्या, "तुला वाचता येतं म्हणून तुला विचारलं गं, पोरी. वाचायचं तरी होतंस."

दुसऱ्या दिवशी इंग्रजीच्या तासाला कुंदा आधी उतारा वाचायला बसली, तिचा हात सगळ्यांच्या शेवटी वर गेला.

तात्पर्य: उत्तर हुडकणं म्हणजे वाचणं नव्हे, घाईत सुटलेल्या एका ओळीची किंमत कधी कधी दुसऱ्याला मोजावी लागते.