दिवाणखान्यातल्या सात खुर्च्या

“सातही खुर्च्या एकसारख्या हव्यात, आणि माझा तुरा सगळ्यांच्या वर दिसला पाहिजे!” हेमाडगडच्या महाराजांनी फर्मावलं. “आठ दिवसांत जमलं नाही, तर मौला पिंजाऱ्यानं मुलीला घेऊन गाव सोडायचं!”

बिचारा मौला! त्याचा दोष एवढाच, की खुर्च्यांत कापूस तो भरणार होता. खरा घोळ घातला होता सजावटकार टिपणीस यांनी. हे गृहस्थ दोन वर्षं विलायतेत राहून आले आणि येताच त्यांनी महाराजांच्या दिवाणखान्याकडे बघून नाक मुरडलं. झुंबर उतरवलं, आरसे हलवले, महाराजांच्या बैठकीचा चौथरा फोडला, गादी आणि लोड माळ्यावर फेकले. पांढऱ्याफटक भिंतीवर एकच चित्र टांगलं. त्यात काय आहे ते कुणालाच कळेना. नोकर ते पुसायला काढत आणि रोज वेगळ्या बाजूनं लावत. टिपणिसांच्याही ते कधी ध्यानात आलं नाही!

“आधुनिक बैठकीत लहानमोठं नसतं, महाराज. चौथरा म्हणजे निव्वळ गावंढळपणा!”

महाराजांना पटलं. मग आठवलं, की आपण जेमतेम पाच फूट, तेही पागोटं धरून! आणि दिवाणखाना बघायला येणार शिरसोंडीचे ताडमाड राजे उदाजीराव. हेमाडगडच्या बैठकीत महाराजांच्या तुऱ्यावर कुणाचा तुरा जायचा नाही, ही सात पिढ्यांची रीत. टिपणिसांनी लगेच हात झटकले. “ते सगळं भरण्यावर असतं. पिंजाऱ्याला विचारा!”

मौलानं घरी येऊन कापूस पिंजायची धनुकली भिंतीला टेकवली. “शरीफा, सामान बांध. बुटक्या माणसाला उंच करायचा कापूस अजून पिकायचाय.”

शरीफा पिंजलेल्या सावरीच्या कापसाचा ढीग सारखा करत होती. तेवढ्यात टिपणीस तपासणीला आले. “काय ही जागा! बसायला धड आसनसुद्धा नाही!” म्हणत ते त्या कमरेएवढ्या ढिगावर बसले, आणि दिसेनासे झाले! वर राहिले फक्त दोन चकचकीत बूट.

“धर! अगं ए पोरी, हात दे!”

शरीफानं हात दिला. हसू मात्र आवरलं नाही. “अब्बा,” ती म्हणाली, “सामान राहू द्या. काथ्या आणा.”

आठव्या दिवशी सात खुर्च्या मांडल्या गेल्या. महाराजांनी स्वतः गज लावला. एका बोटाचाही फरक नाही!

“पण मग मी उंच कसा दिसणार?”

“सरकारांनी मधल्या खुर्चीवर बसावं. बाकी आम्ही बघतो,” शरीफा म्हणाली. मौलानं भीतीनं डोळे मिटले.

उदाजीराव आले. भिंतीवरच्या चित्राकडे बघून म्हणाले, “वा! रेडा छान काढलाय.”

“तो सूर्योदय आहे,” टिपणीस पुटपुटले.

उदाजीराव ऐटीत बसले, आणि खाली, खाली, खालीच गेले! गुडघे कानाशी आले, तुरा महाराजांच्या छातीशी. त्यांचे पाच सरदारही असेच बुडाले. महाराज मात्र मधोमध ताठ! उठताना प्रत्येकाला दोघादोघांनी ओढून काढावं लागलं. “भारीच आधुनिक आहे बुवा!” असं म्हणत, कंबर चोळत पाहुणे गेले.

“ही लबाडी आहे, महाराज!” टिपणीस ओरडले. “या पोरीनं सहा खुर्च्यांत भुसभुशीत सावरी भरली आणि तुमच्या खुर्चीत काथ्या ठासून! खुर्च्या एकसारख्या नाहीत!”

महाराजांच्या कपाळाला आठी पडली. “खरं का गं?”

“सरकारांनी गज लावला तेव्हा सारख्याच होत्या ना?” शरीफा म्हणाली. “आत्ता पुन्हा फुगवून देते, पुन्हा मोजा. बसल्यावर पाहुण्यांनी किती खाली जायचं, ते हुकमात नव्हतं!”

“आणि हा काथ्या मला टोचतोय, त्याचं काय?”

“मऊ आणि उंच, दोन्ही पाहिजे असेल, तर ती गादी माळ्यावर आहे, सरकार. चौथरा तेवढा टिपणीससाहेबांनी फोडलाय!”

महाराज खो खो हसत सुटले. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून शरीफाच्या ओंजळीत टाकलं. “मौला, आजपासून दिवाणखाना तुम्हा बापलेकीकडे! आणि तुमचं काय म्हणणं आहे, टिपणीस? टिपणीस?”

रागाच्या भरात टिपणीस उदाजीरावांच्या खुर्चीत बसले होते. वर फक्त दोन चकचकीत बूट हलत होते.