दोरीखालून गेलेली सुईण

ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या अक्षर न् अक्षर जशीच्या तशी चालत आलेली आहे. मधे दोघेतिघे विसरले आणि तेवढं पदरचं घातलं, इतकंच.

फार फार वर्षांपूर्वी, आपल्या खापरपणजोबांना दात यायचे होते तेव्हा, एका राजाने मोठी विद्याशाळा काढली. अकरा गुरुजी नेमले, दालन भरून पोथ्या आणल्या आणि दवंडी पिटली, "शिकेल त्याला विद्या फुकट!" मग तो निघून गेला सीमेवर, लढाईला.

प्रधान हिशेब करत बसला. उद्या अख्खं गाव येऊन बसलं म्हणजे? त्याने शाळेच्या दारात आडवी दोरी बांधली, बारा वर्षांच्या पोराच्या डोक्यापेक्षा चार बोटं उंच. न वाकता खालून जाईल त्याला फुकट. बाकीच्यांनी एक दुभती गाय द्यावी. आता ज्याच्याकडे गाय, त्याला धारा काढण्यातून सवड नाही. आणि ज्याला सवड, त्याच्याकडे गाय नाही. झालं काम!

दोरीपाशी द्वारपाल उभा. माणूस इतका चोख, की सख्खा मेव्हणा जरासा वाकला तर त्यालाही परत धाडला. त्या रात्री बायकोने जेवायला वाढलं नाही, पण नियम तो नियम.

एका सकाळी गावची म्हातारी सुईण दारात आली.

"काय रे, ओळखलंस का? जगात आलास तेव्हा पहिली चापटी माझीच खाल्लीस."

"ओळखलं, आजी. गाय आणलीस?"

"गाय कुठली! एक कोंबडी आहे, तीपण लंगडी." मग तिचा आवाज खाली आला. "यंदा तीन बाळंतिणी तापाने गेल्या. पोथीत उपाय आहे म्हणतात. पुढचं बाळंतपण तुझ्या लेकीचं ना?"

द्वारपालाने घराकडे पाहिलं. लेक सातव्या महिन्यात माहेरी आलेली होती.

"गुरुजींनाच विचार की, आजी."

"विचारलं. त्यांनी श्लोक म्हटला. गळा काय गोड आहे! पण त्यांनी उभ्या जन्मात बाळंतपण पाहिलेलं नाही, आणि मला श्लोक कळत नाही. मलाच वाचायला हवं."

एवढं बोलून ती तुरुतुरु दोरीखालून आत गेली. पाठ कमरेतून अशी आडवी झालेली, की पाठीवर पाट मांडून जेवायला बसावं.

"आजी, वाकलीस!"

"आत्ता कुठे वाकले? तुमची बाळंतपणं करता करता कधीच वाकून झालंय."

द्वारपालाने डोकं खाजवलं. नियमात काही चूक सापडेना. का कोण जाणे, त्याला बरं वाटलं.

प्रधान मात्र चिडला. त्याने दोरी वीतभर खाली घेतली. दुसऱ्या दिवशी पोरांची डोकी दोरीला आपटली. पोरं आनंदाने विटीदांडू खेळायला पळाली. म्हातारी आत गेली. प्रधानाने दोरी आणखी वीतभर उतरवली. म्हातारी पुन्हा आत! याहून खाली बांधली असती तर शाळेचं मांजरही बाहेर अडकून उपाशी मेलं असतं.

असे शाळेत उरले अकरा गुरुजी आणि एक शिष्या. रिकामे गुरुजी काय करतील? नक्षत्रांच्या गुरुजींनी तिला 'अ' शिकवला, शिल्पाच्या गुरुजींनी 'आ'. दोन महिन्यांत म्हातारी पोथीवर बोट ठेवून वाचू लागली.

उपायाचं पान आलं. त्यात लिहिलं होतं, "सुइणीने कडुलिंबाचा पाला पाण्यात उकळून, तो काढा निववून त्याने हात धुवावेत. नाळ कापायची सुरी विस्तवावर धरावी."

म्हातारी कितीतरी वेळ आपल्या हातांकडे बघत राहिली. त्या तिघींची नावं घेऊन तिने डोळे पुसले. मग उठली आणि द्वारपालाच्या घरी चूल पेटवायला गेली.

लेक सुखरूप बाळंत झाली. द्वारपाल रोज तिच्या कपाळाला हात लावून बघे. दहा दिवस झाले, ताप आला नाही. अकराव्या दिवशी त्याने शाळेच्या दारातली दोरी सोडली आणि घरी नेली.

बाराव्या दिवशी राजा परतला. सगळी हकिकत ऐकून त्याने विचारलं, "आणि दोरी कुठे आहे?"

"महाराज, ती नातीच्या पाळण्याला लागली," द्वारपाल म्हणाला आणि शिक्षेसाठी मान खाली घालून उभा राहिला.

राजा पोट धरून हसला. "राहू दे तिथेच. तिथे शोभते." दुसऱ्याच दिवशी पोरं शाळेत परत आली, आणि त्यांच्या मागोमाग लोहार, कुंभार, त्यांच्या बायका आणि द्वारपालाचा तो मेव्हणाही. राजाने दारावर कोरून घेतलं: "शिकायला आलेल्याचं वय विचारू नये, तहान विचारावी." हेच या गोष्टीचं तात्पर्य.

ते वाचून प्रधान कुरकुरला, "अशाने काही मर्यादाच राहणार नाही! उद्या मढीसुद्धा उठून येतील शिकायला!"

पोथी काखेत मारून म्हातारी आत चालली होती. ती थांबली.

"येऊ देत की. पण प्रधानजी, तुम्ही तेवढे जिवंतपणीच या."